दाराच्या चौकटीवरच्या रेघा

पत्र थोडक्यात: ऐरोलीहून एका आईने लिहिलं आहे. मुलगा १४ वर्षं ५ महिन्यांचा, नववीत, उंची १४८ सेंटीमीटर. मुलगी १२ वर्षांची, उंची १५२. तिला गेल्या दिवाळीत पाळी सुरू झाली. मुलाच्या मित्रांना मिसरूड फुटलं, आवाज बदलले. याचा आवाज अजून पहिल्यासारखाच. यंदा सोसायटीच्या गणपतीत आरतीला याने वरचा सूर लावला तेव्हा मागे उभी असलेली मुलं हसली. तेव्हापासून तो आरतीला खाली उतरला नाही. पोहायला जाणंही बंद. आई दर रविवारी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने त्याची उंची आखते. वर्षभरात साडेचार सेंटीमीटर वाढ दिसते. वडिलांना त्यांच्या जिममधल्या ट्रेनरने ‘इंजेक्शनचा कोर्स’ सुचवला आहे आणि दहावीच्या आधी हे उरकून टाकावं असं त्यांना वाटतं. सासूबाईंच्या मते मुलीला चिकन आणि पिशवीचं दूध दिल्यामुळे ती लवकर वाढली. आईची उंची १५७, वडिलांची १७२. त्या विचारतात: ‘मी थांबू की काही करू? थांबले आणि वेळ निघून गेली तर? भाऊ शेजारी असताना टाचेच्या चपला घालू नको, असं मी लेकीला सांगून ठेवलंय. चुकतंय का माझं?’

ताई,

चौकटीवरच्या रेघांपासूनच सुरुवात करते. वर्षाला साडेचार सेंटीमीटर म्हणजे आठवड्याला एक मिलिमीटरसुद्धा नाही. शिवाय आपण सकाळी उठल्यावर जेवढे उंच असतो तेवढे रात्री नसतो. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटीमीटर कमी होतो. म्हणजे या रविवारी अंघोळीच्या आधी मोजलं आणि पुढच्या रविवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी, तर नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली येणार. तुमच्याकडे तसं झालंही असेल. त्या क्षणी तुमच्या पोटात गोळा आला असेल, आणि पाठ चौकटीला टेकवून उभ्या असलेल्या पोराने तो तुमच्या चेहऱ्यावर वाचला असेल. दर रविवारी.

म्हणून आधी ते रविवारचं मोजमाप बंद करा. सहा महिन्यांतून एकदा मोजा, शक्यतो सकाळी. अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर, डोक्यावर एखादं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरायचं. तारीख आणि आकडा वहीत. त्याला हवा असेल तर आकडा सांगा, नको असेल तर नाही.

आता त्या साडेचार सेंटीमीटरबद्दल. तुम्हाला तो आकडा तोकडा वाटतोय, मला मात्र त्याने धीर दिला. वयात येण्याआधीच्या वर्षांत मुलं वर्षाला चार ते सहा सेंटीमीटरच वाढतात, आणि मोठी उडी घेण्याच्या अगदी आधी हा वेग आणखी थोडा मंदावतो. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांचे तक्ते २०१५ साली नव्याने आले, पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचं त्यात मोठं काम आहे. त्या तक्त्यावर तुमचा मुलगा खालच्या रेषांजवळ येईल. पण तक्ता वाचताना एका ठिपक्यापेक्षा सगळे ठिपके मिळून कोणत्या वाटेने जातात ते बघायचं असतं. पहिलीपासूनची उंची मिळवा: लसीकरणाची फाइल, शाळेचं प्रगतिपुस्तक, जे असेल ते. वर्षानुवर्षं तो एकाच रेषेला धरून चालला असेल तर गोष्ट वेगळी, आणि दोन वर्षांपूर्वी ती रेषा सोडून खाली घसरला असेल तर वेगळी.

तुम्ही लिहिलंय, ‘मिसरूड नाही, आवाज फुटला नाही, म्हणजे काहीच सुरू झालेलं नाही.’ बहुतेक घरांत असंच समजतात, कारण घरच्यांना दिसतं ते एवढंच. पण मुलगा वयात येतो तेव्हा या दोन गोष्टी शेवटी शेवटी येतात. सगळ्यात आधी वृषण वाढायला लागतात, बोलीभाषेत ज्यांना आपण गोट्या म्हणतो त्या. मग जांघेत केस, मग लिंगाची वाढ, मग उंचीची झेप, त्याच सुमारास घसा खरखरायला लागतो, आणि ओठावरची लव सर्वांत मागून. पहिल्या बदलापासून मिसरुडापर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. तुमचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाल्यापासून दार लावून अंघोळ करत असणार. त्याच्या अंगात सुरुवात झाली आहे की नाही, हे आज तुम्हाला, मिस्टरांना, ट्रेनरला, कुणालाच माहीत नाही. कदाचित त्याला स्वतःला माहीत आहे, पण ती सुरुवात आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात टेबलाच्या वरच्या खणात एक माळ असते. बारा मणी, सगळे अंडाकृती, एका दोऱ्यात ओवलेले. पहिला मणी १ मिलिलिटरचा, अगदी छोटा, आणि शेवटचा २५ चा, लिंबाएवढा. झुरिकच्या आंद्रेआ प्राडर या बालरोगतज्ज्ञांनी १९६६ मध्ये ही माळ वैद्यकशास्त्राला दिली. डॉक्टर एका हाताने मुलाला तपासतात आणि दुसऱ्या हाताने मण्यांशी ताडून बघतात. चौथा मणी, म्हणजे ४ मिलिलिटर, हा उंबरठा. तिथे पोहोचलेला मुलगा वयात यायला लागला, मग त्याचा आवाज कसाही असो. तपासणीला दोन मिनिटं लागतात, दुखत नाही. मी मुलांना आधी माळ हातात घेऊन बघू देते. लाजून खाली मान घातलेलं पोरगं मणी मोजायला लागतं, आणि खोलीतली हवा थोडी मोकळी होते.

मुलाचे १४ पूर्ण झाले आणि चौथा मणी आला नसेल तर एकदा नीट तपासणी करायची, असा आमचा साधा नियम आहे. मुलींत तोच नियम १३ पूर्ण होऊनही छाती वाढायला लागली नसेल तर. १४ ओलांडलं म्हणजे आजार झाला, असा त्याचा अर्थ नाही. या वयाला एकदा बघून घ्यावं एवढंच. तेव्हा ‘थांबू की करू’ या तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: या महिन्यात दाखवून या. त्यानंतर थांबणं आणि न दाखवता नुसतं थांबणं यात फार फरक आहे.

आता तुमची खरी भीती: वेळ निघून गेली तर? इथे जरा आतलं यंत्र समजून घ्या, कारण ही भीती मला बरोबर उलटी वाटते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे आणि त्याच्याखाली वाटाण्याएवढी पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी लोंबते. हायपोथॅलॅमस एक रसायन सोडतो, जीएनआरएच. ते सोडतो ठोक्याठोक्याने, साधारण तास-दीड तासाला एक ठोका. ठोका मिळाला की पीयूषिका एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते. ती मुलात वृषणांपर्यंत जातात, मुलीत अंडाशयांपर्यंत, आणि तिथून टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन तयार होतं. पिट्सबर्गच्या अर्न्स्ट नोबिल यांनी १९७० च्या दशकात माकडांवर प्रयोग करून दाखवलं की तासाला एक ठोका दिला तर पीयूषिका काम करते, आणि तेच रसायन सलाइनसारखं सतत सोडलं तर ती काम थांबवते. फार लहान वयात पाळी यायची शक्यता असलेल्या मुलींना आज जे थांबवणारं इंजेक्शन देतात ते याच ज्ञानावर उभं आहे. ग्रंथीला केवळ किती मिळालं हे कळत नाही, कोणत्या लयीत मिळालं हेही कळतं.

मला स्वतःला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट ही: तुमचा मुलगा दोन-तीन महिन्यांचा होता, तुमच्या मांडीवर, दुपट्यात, तेव्हा हे यंत्र त्याच्या अंगात चालू होतं. त्या काही आठवड्यांत बाळ मुलांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वयात येऊ लागलेल्या मुलाइतकं चढतं. सहा महिन्यांच्या आसपास मेंदू ते बंद करतो आणि पुढची अनेक वर्षं ब्रेक दाबून ठेवतो. मग कधीतरी, मुलींत बहुधा ८ ते १३ च्या दरम्यान, मुलांत ९ ते १४ च्या दरम्यान, तो ब्रेक सैल होतो. या साखळीतला एक वरचा दुवा २००३ मध्ये लक्षात आला. काही कुटुंबांत भावंडं वयातच येत नव्हती. त्यांच्यात किसपेप्टिन नावाच्या रेणूचा निरोप घेणाऱ्या जनुकात दोष सापडला. या रेणूचं मूळ जनुक अमेरिकेतल्या हर्शी गावी सापडलं होतं, म्हणून तिथल्या ‘किसेस’ चॉकलेटवरून त्याचं नाव पडलं.

ब्रेक सुटतो तोही एकदम नाही. सुरुवातीचे ठोके फक्त रात्री, गाढ झोपेत पडतात. सकाळी टेस्टोस्टेरॉन थोडं चढलेलं असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. म्हणून या मुलांची रक्ततपासणी सकाळी आठच्या सुमारास करायची. ‘शाळा सुटल्यावर जाऊ’ म्हणून संध्याकाळी रक्त दिलं तर रिपोर्ट विनाकारण कमी येतो आणि घरात रडारड होते. ही चूक मी अनेकांच्या फायलीत पाहिली आहे.

आता उंचीकडे येऊ. हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात, तिथे उंची वाढते. ते बुजले की वाढ थांबली. आणि ते बुजवतं कोण? मुलींत इस्ट्रोजेन, आणि मुलांतही इस्ट्रोजेनच. मुलाच्या अंगातलं थोडं टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि तेच हाडांना आधी वेग देतं, मग थांबायला सांगतं. हे पक्कं कळलं १९९४ मध्ये, एका २८ वर्षांच्या पुरुषामुळे. त्याच्या शरीराला जन्मतःच इस्ट्रोजेनचा निरोप घेता येत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटीमीटर होती आणि अजून वाढत होती. हाडांचं वय, म्हणजे एक्स-रेत हाडं किती वर्षांच्या मुलासारखी दिसतात ते, भरलं फक्त १५.

बघा म्हणजे, ताई. ज्या मुलाच्या अंगात हार्मोन्स अजून चढलेली नाहीत, त्याची वेळ निघून जात नसते. त्याचे पट्टे उघडे असतात. त्याचं दार बंद व्हायची घाई हार्मोन्स आल्यावर सुरू होते. आणि ट्रेनरचं ते इंजेक्शन नेमकं हेच करणार: बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन घातलं की काही महिने पोरगा भराभर वाढलेला, दंड भरलेला दिसेल, सगळे कौतुक करतील, आणि हाडांचे पट्टे लवकर बुजून शेवटची उंची कमी भरेल. शिवाय रक्तात आयतं टेस्टोस्टेरॉन दिसलं की पीयूषिका आपलं काम थांबवते; एलएच-एफएसएच पडतात, वृषणांची वाढ आणि शुक्राणूंचं काम खोळंबतं. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नसतं. मिस्टरांना हे माझ्याकडून वाचायला द्या. ते वाईट हेतूने बोलत नाहीत, पोराची मान खाली गेलेली त्यांना बघवत नाही. पण जिमच्या लॉकर रूममध्ये, हाडाचा एक एक्स-रेही न काढता, चौदा वर्षांच्या मुलाला हे टोचायचं नाही. या एका बाबतीत मी ‘तुमचं तुम्ही ठरवा’ असं म्हणणार नाही.

आणि तुम्हालाही एक सांगायचंय. तुमच्या पत्रात ‘इंजेक्शन म्हणजे विषच’ असा सूर आहे. तेही खरं नाही. सगळं तपासून झाल्यावर, मुलगा चौदाच्या पुढे असेल आणि त्याला मनातून फार जड जात असेल, तर बालहार्मोनतज्ज्ञ टेस्टोस्टेरॉनचा अगदी कमी मात्रेचा डोस महिन्याला एक, असा तीन ते सहा महिने देतात. याने उंचीला धक्का लागत नाही, कारण मात्रा थोडी आणि मुदत ठरलेली असते. बऱ्याच मुलांत त्या ढकलण्याने त्यांचं स्वतःचं यंत्र चालू होतं. मग डोस थांबवून पुन्हा तो मणी, पुन्हा ते रक्त बघायचं. रसायन एकच, पण ते कुणाच्या हातून, किती आणि किती दिवस दिलं जातं यावर सगळं अवलंबून आहे. हा मार्ग घ्यायचा की नाही हे ठरवताना मुलाला विचारलं पाहिजे. काही मुलं म्हणतात, ‘डॉक्टर, हे सगळं नॉर्मल आहे ना? मग मी थांबतो.’ काहींना थांबणं शाळेत रोज नव्याने सोसावं लागतं. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. दहावीचं वेळापत्रक मात्र या निर्णयात आणू नका.

तपासणीत आणखी काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी दचकायला नको. डाव्या हाताचा, मनगटासकट पंज्याचा एक्स-रे काढतील. त्यात बोटांच्या हाडांच्या टोकाशी काळ्या बारीक फटी दिसतात, तेच ते उघडे पट्टे. अंगठ्याच्या मुळाशी तिळाएवढं एक हाड असतं, ते मूल वयात येण्याच्या सुमारास उमटतं. तो तीळ आला का, हे तुम्ही डॉक्टरांना एक्स-रे उजेडावर धरून दाखवायला सांगा, मुलालाही दाखवा. समजा हाडांचं वय १२ निघालं, तर त्याच्या १४८ सेंटीमीटरची तुलना बारा वर्षांच्या मुलांशी करायची, आणि बारा वर्षांच्या मुलाला १४८ ही चारचौघांसारखी उंची आहे. आईवडिलांच्या उंचीवरून एक ढोबळ अंदाजही काढतात: दोघांची बेरीज, त्यात १३ मिळवायचे, दोनने भागायचं. तुमच्याकडे १७१ येतात. सात-आठ सेंटीमीटर इकडे-तिकडे धरा. हे वचन नव्हे, कुठल्या वाटेवर आहोत एवढं कळतं.

रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंड-यकृत, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात त्या सीलिअ‍ॅकची तपासणी, आणि एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन. अंगातला एखादा जुना आजार, अपुरं खाणं, थायरॉइडची कमतरता, यानेही मेंदू ब्रेक सोडत नाही. शरीराला वाटतं, अजून ऐपत नाही. एलएच-एफएसएच खूप चढलेले आले तर मेंदू हाका मारतोय आणि वृषणं उत्तर देत नाहीत, असं समजायचं, आणि मग गुणसूत्रांची तपासणी लागते. कमी आले तर हाक अजून सुटलेलीच नाही. ती उशिरा सुटणार की सुटणारच नाही, हे पहिल्याच भेटीत सांगता येईल असं नाही. तिथे सहा-सहा महिन्यांनी बघत राहावं लागतं. चौदाच्या पुढे रखडलेल्या मुलांत उशिरा सुटणारेच जास्त निघतात.

घरी एक गोष्ट बघा, सहज, त्याला न जाणवू देता. त्याला वास येतो का? फोडणीत हिंग पडला की आतल्या खोलीतून विचारतो का, आज काय आहे? ऐरोलीच्या पुलावरून जाताना ओहोटीच्या खाडीचा वास येतो म्हणून नाक धरतो का? प्रश्न विचित्र वाटेल, पण जीएनआरएच तयार करणाऱ्या पेशी गर्भात नाकाच्या बाजूला जन्मतात आणि वासाच्या नसांच्या वाटेने मेंदूत चढतात. ती वाटच नीट झाली नसेल तर वासही नाही आणि वयात येणंही नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. क्वचितच आढळतो, आणि उपचारही आहेत. वास येत नसेल, किंवा सतत डोकं दुखून उलट्या होत असतील, बाजूचं नीट दिसत नसेल, वजन उतरत असेल, वर्षाला चार सेंटीमीटरही वाढ नसेल, किंवा लहानपणी एखादं वृषण खाली उतरलं नव्हतं असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर महिनाही थांबू नका.

आणि मिस्टरांचा दहावीचा ग्रुप फोटो शोधा. कपाटाच्या वरच्या फळीवर असेल, किंवा सासूबाईंच्या पेटीत. त्यात ते कोणत्या रांगेत आहेत? पुढे खाली बसलेल्या बुटक्या मुलांत? सासूबाईंना विचारा: यांच्या पँटी एका वर्षात आखूड व्हायला लागल्या त्या दहावीत की बारावीत? पहिली दाढी कधी केली? तुमची स्वतःची पाळी कधी आली तेही आठवा. उशिरा वयात येणाऱ्या मुलांपैकी अर्ध्याहून अधिक घरांत आई किंवा बाप उशिराच आलेला असतो. डॉक्टर हे विचारतील, आणि तिथे सगळेजण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

लेकीबद्दल. तिच्यात काहीही लवकर झालेलं नाही. साडेअकराच्या आसपास पाळी येणं नेहमीचं आहे. मुलगी वयात येते तेव्हा उंचीची उडी अगदी सुरुवातीलाच घेते, मुलगा मधल्या टप्प्यावर. म्हणून अकरा-बाराच्या सुमारास बहिणी भावांच्या पुढे जातात, वर्गातल्या मुलीही मुलांच्या पुढे असतात. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची साधारण पाच ते सात सेंटीमीटर वाढते आणि थांबते. सासूबाईंना प्रेमाने सांगा, ब्रॉयलर कोंबडी लवकर वाढते ती निवडून केलेल्या पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे, हार्मोन टोचून नाही. आणि दुधाच्या गाई-म्हशींना काही ठिकाणी टोचतात ते ऑक्सिटोसिन, पान्हा सोडायला लावणारं हार्मोन, माणसाच्या पोटात पचून जातं. तुम्ही दोघांना एकाच हाताने वाढलंय. त्याचा दोष शोधू नका.

आता राहिलं बोलणं, आणि ते वडिलांनीच करावं असं मला वाटतं. जेवणाच्या टेबलावर नको, बहिणीसमोर नको. गाडीवरून कुठेतरी जाताना, दोघांची तोंडं एकाच दिशेला असताना, मुलगे बरं बोलतात. ‘उंची वाढेल रे’ या वाक्याने सुरुवात नको. त्याला उंचीपेक्षा वेगळंच काही खात असू शकतं. ‘मी मुलगा आहे ना नीट?’ हा प्रश्न चौदा वर्षांचं पोर तोंडाने विचारत नाही. स्वतःची गोष्ट सांगा, ती उशिराची असेल तर उशिराची. वृषणं आधी वाढतात, आवाज नंतर, हा क्रम सांगा. झोपेत चड्डी ओली होईल, तेव्हा घाबरायचं नाही, हेही आत्ताच सांगा. डॉक्टर काय तपासतील ते आधी सांगा. आणि तपासणीच्या वेळी ताई, तुम्ही बाहेर बसा.

आवाजाबद्दल त्याला एक गोष्ट ऐकवा. १८४९ साली जर्मनीत गॉटिंगेनला आर्नॉल्ड बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणं काढलेले कोंबडे आरवेनात, तुरे वाढेनात. काहींच्या पोटात ती नुसती परत ठेवली, एकही नस न जोडता, तर ते पुन्हा बांग द्यायला लागले. म्हणजे काहीतरी रक्तातून घशापर्यंत जातं. ‘हार्मोन’ हा शब्द यायला तेव्हा अजून ५६ वर्षं होती. तुमच्या मुलाच्या घशाला ते अजून पोहोचलेलं नाही. आरतीला त्याला ओढून नेऊ नका. पण सोसायटीतल्या ज्या मोठ्या मुलाला तो मानतो, त्याला बाजूला घेऊन मिस्टरांनी दोन शब्द सांगावेत. मुलांचं हसणं मोठ्यांच्या भाषणाने थांबत नाही, त्यांच्यातल्याच एकाने ‘ए, गप रे’ म्हटलं की थांबतं.

दाखवायला कुठे जायचं, हे अनेक वाचक विचारतात. आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. ते तक्ता काढतील, माळ लावून बघतील. पुढे लागलं तर लहान मुलांच्या हार्मोन्सचे तज्ज्ञ. परळला वाडिया बालरुग्णालय आणि केईएम, दोन्हीकडे हा विभाग आहे; ऐरोलीहून ठाण्याला येऊन गाडी बदलली की झालं. उंचीच्या जुन्या नोंदी, आधीचे रिपोर्ट आणि तो दहावीचा फोटो बरोबर ठेवा. उंची वाढवण्याच्या पावडरी, थेंब, जाहिरातीतली ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं, यांवर तपासणीआधी एक रुपया घालू नका. पोटभर जेवण, डाळ-अंडी-भाजी, लोह कमी असेल तर लोह, आणि रात्री फोन बाहेरच्या खोलीत. झोपेने वयात येणं अलीकडे ओढता येत नाही, पण ते पहिले ठोके झोपेतच पडतात, तेवढी झोप त्याला मिळू दे.

लेकीला तिच्या टाचेच्या चपला परत द्या. ‘तुझ्यामुळे दादा छोटा दिसतो’ हे तुम्ही तोंडाने म्हटलं नसेल, पण ती बारा वर्षांची आहे, तिने ते ऐकलंय. तिच्या अंगातही याच वर्षी एवढी उलथापालथ झाली, आणि त्यावर तुमच्या पत्रात एकच ओळ आहे. पाळीचं तिला नीट सांगितलंय ना, दुखतं का, शाळेत पॅड बदलायला जागा मिळते का, हे तिला आजच विचारा. आणि पुढच्या घरच्या कार्यात फोटो काढताना दोघांना शेजारी उभं करा. मागे तारीख लिहून ठेवा.